घरी काडतुसं नक्की किती ठेवायची?

नवखी_नेमबाज

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी .२२ रायफलनं ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून, मारते. स्पर्धेच्या ६० गोळ्या आणि त्याआधीच्या साइटर, म्हणजे नेम जुळवायच्या गोळ्या, धरून एका सरावात दोन पाकिटं, म्हणजे शंभर, सहज उडतात. आजवर लागतील तशी आणत होते. आता क्लबातल्या एकीनं डोक्यात भरवलंय की एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेली, अख्खी ५००० ची पेटी घेऊन टाक, म्हणजे वर्षभर गोळी बदलायला नको. परवान्यात तेवढी बसतात, पैशांचंही जमेल. पण घरी विषय काढल्यावर नवरा म्हणाला, "म्हणजे मी आता दारूगोळ्याच्या कोठारात झोपायचं?" आणि त्याचं साफ चुकतंय असं मलाही छातीठोकपणे म्हणता येईना.

त्यात भर म्हणजे सासऱ्यांची जुनी बारा बोअर, म्हणजे छऱ्याची बंदूक, यंदा रीतसर माझ्या नावावर झाली. तिच्यासोबत एक पत्र्याचा डबा आला. त्यात कागदी नळीची काडतुसं आहेत, काही सुटी, काही चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली. पट्ट्यातल्यांच्या पितळी बुडावर हिरवा थर चढलाय. नळ्या काही ठिकाणी फुगल्यासारख्या वाटतात.

तर तुम्ही घरी किती ठेवता, कुठे ठेवता, आग लागली तर काय होतं, आणि त्या डब्याचं मी काय करू? मुलगी नऊ वर्षांची आहे, आणि कुठल्या कपाटाची किल्ली कुठे असते हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, हेही लक्षात घेऊन सांगा.

उडती_तबकडी

५००० म्हणजे पुष्कळ वाटतंय होय? आमच्या ट्रॅपवाल्यांत, म्हणजे उडत्या तबकड्या फोडणाऱ्यांत, या एकदा. एका फेरीला २५ तबकड्या, ऑलिंपिक ट्रॅपच्या पात्रता फेरीत १२५, आणि तिथे एका तबकडीवर दोन बार चालतात. सरावाचा हिशेब तुम्हीच करा.

मी चार पेट्या ठेवतो. बारा बोअरची २५० ची पेटी दहा किलोच्या आसपास भरते, त्यामुळे कायद्याच्या आधी माझी कंबरच मर्यादा घालते. जिन्याखाली लोखंडी कपाट आहे, दोन किल्ल्या, दोन्ही माझ्याकडे.

त्या डब्यातलं एकही काडतूस बंदुकीत घालू नका. का, ते कोठावळेकाका येऊन सांगतील, तो त्यांचा प्रांत. धागा दिसल्यावर ते फार वेळ गप्प बसायचे नाहीत.

कोठावळा

आलोच.

ताई, मी एका रेंजवर दारूगोळ्याची कोठी सांभाळायचो. नोंदवही, वजनकाटा आणि किल्ल्यांचा जुडगा, एवढाच माझा संसार. त्यामुळे मी सांगतोय ते नेमबाजाचं नाही, कोठीवाल्याचं म्हणणं आहे. नेमबाज विचारतो, "पुरतील ना?" कोठीवाला विचारतो, "कधी संपतील?"

तुमची क्लबातली मैत्रीण लॉटबद्दल बरोबर बोलतेय. .२२ च्या काडतुसात पेटवण, म्हणजे घाव बसला की दारू पेटवणारा मसाला, मधल्या टोपीत नसते, बुडाच्या कडेत भरलेली असते. ती कडेत सगळीकडे सारखी पसरणं, दारूचं माप, गोळीवरचं मेण, यातलं थोडं जरी इकडेतिकडे झालं तरी ५० मीटरवर कागदावर दिसतं. पण म्हणून आंधळेपणानं पेटी उचलू नका. आधी दोनतीन लॉटची एकेक पाकिटं आणा, तुमच्याच रायफलीतून टेकू देऊन मारून बघा, जो लॉट मुठीएवढ्या जागेऐवजी नखाएवढ्या जागेत पडतो तोच घ्या. लॉट नंबर पाकिटावर छापलेला असतो.

आता आकड्याकडे येऊ. आठवड्याला शंभर उडत असतील तर ५००० हा तुमचा वर्षभराचा साठा झाला. माझ्या हिशेबात घरच्या साठ्याची वरची हद्द तीच: वर्षाला जेवढी उडतात तेवढी, आणि अर्थात परवान्यावरच्या आकड्याच्या आत. वर्षाला दहा बार काढणाऱ्या माणसाच्या घरी पाचशे काडतुसं असतील तर ती मला तुमच्या पाच हजारांपेक्षा जास्त खटकतात.

काडतुसं वर्षभरानं खराब होतात म्हणून मी हे सांगत नाही. नीट ठेवली तर ती दशकानुदशकं टिकतात, माझ्याहून वयानं मोठी काडतुसं बिनतक्रार उडताना मी पाहिली आहेत. कारण वेगळं आहे. जी पेटी हलत नाही ती कुणी मोजत नाही. दोन पाकिटं कमी झाली, एखाद्या कोपऱ्यात ओल शिरली, कुणी गंमत म्हणून चार काढून खिशात टाकली, तर ते कळणार कधी? वापरातल्या साठ्याला दर आठवड्याला तुमचा हात लागतो, डोळा लागतो. म्हणून किती ठेवायची याचा निकाल कपाटाच्या आकारावर नाही, तुम्ही किती मोजू शकता यावर लावा.

एक साधी वही करा. आणली त्याची तारीख, लॉट, संख्या, उडवली त्याची तारीख, संख्या, शिल्लक. महिन्यातून एकदा शिल्लक नि कपाट जुळलं पाहिजे. पाकिटाच्या टोकावर जाड पेननं आणल्याची तारीख घाला, नवी मागे, जुनी पुढे. आणि मूळ पाकिटातून काढून बरणीत ओतायची सवय असलेले बरेच नेमबाज मला माहीत आहेत, त्यांचा मला मनापासून राग येतो. कारखान्यानं एखादा लॉट परत मागवला तर बरणीतलं काडतूस कुठल्या लॉटचं, हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

जागेबद्दल. ५००० काडतुसं ऐकायला डोंगर वाटतात, पण ५० चं पाकीट, दहा पाकिटांची वीट, अशा दहा विटा. बुटांच्या दोन खोक्यांत मावतील, वजन सतरा-अठरा किलो. जागेची अडचण नाही, अडचण ओलीची आणि उष्णतेची. बाहेरच्या भिंतीला लागून नको, न्हाणीघराच्या भिंतीला तर अजिबात नको. थेट जमिनीवर नको. पत्र्याखालचा माळा आणि गाडीची डिकी, या दोन जागा लोकांना फार सोयीच्या वाटतात आणि दोन्ही उन्हात भट्टी होतात. घराच्या मधल्या खोलीतलं, आतल्या भिंतीला बोल्टनं आवळलेलं लोखंडी कपाट सगळ्यात बरं.

रबरी कडेचा लष्करी पद्धतीचा डबा मिळाला तर उत्तम, पण त्यात एक ग्यानबाची मेख आहे. झाकण लावताना जी हवा आत कोंडाल तीच आत राहते. भर पावसात डबा भरून घट्ट बंद केलात तर ओल तुम्ही स्वतःच आत ठेवलीत. कोरड्या दिवशी भरा, आत सिलिका जेलची पुरचुंडी टाका. रंग बदलणारे मणी घ्या, निळे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की ते तृप्त झाले, मंद आचेवर सुकवून परत वापरायचे. मणी हो, काडतुसं नव्हे! दमट काडतुसं उन्हात किंवा चुलीपाशी वाळवणारा माणूसही मी बघितलाय, म्हणून स्पष्ट लिहितोय.

काडतुसांना तेल लावू नका. गंज सोडवायचं जे फवाऱ्याचं तेल असतं ते फटीतून आत झिरपतं आणि पेटवण मारून टाकतं. बाहेरून काडतूस लखलखीत, चाप ओढला की नुसतं टिक.

हात लागल्यावर हात धुवा. .२२ ची गोळी बहुधा उघडं शिसं असते. मुलगी पाकिटं लावायला मदत करायला धावेल, तिला त्याआधी हे शिकवा.

डब्याचं सावकाश लिहितो, जेवण बोलावतंय.

नवखी_नेमबाज

कोठावळेकाका, मनापासून आभार. वहीची कल्पना नवऱ्याला एकदम पटली, तो हिशेबनीस आहे. "शिल्लक मी तपासणार" असं त्यानं परस्पर जाहीरही केलं.

पण आगीचं राहिलं. त्याचा मूळ प्रश्न तोच होता.

कोठावळा

आगीचं सांगतो. लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातलं दृश्य असतं, पेटी पेटली की चहूकडे गोळ्या सुटताहेत. तसं होत नाही. गोळीला वेग येतो तो बंदुकीच्या नळीमुळे. नळीत काडतूस चारी बाजूंनी आवळलेलं असतं, त्यामुळे सगळा दाब गोळीच्या मागे लागतो. उघड्यावर, आगीत, दाब वाढला की पितळ फाटतं आणि वायू वाटेल तिकडून निसटतो. गोळी कवचापेक्षा जड असते, म्हणून ती जेमतेम हलते, उडतात ते पितळेचे तुकडे आणि टोप्या. तुकडा डोळ्यात गेला तर डोळा जाईल, कातडीही कापेल. पण तो भिंती भेदत जात नाही. अमेरिकेतल्या काडतूस उत्पादकांच्या 'सामी' या संस्थेनं अग्निशमन जवानांसाठी ढिगानं काडतुसं जाळून, पेट्या उंचावरून आपटून, त्यांच्यावरून बुलडोझर फिरवून प्रयोग केले आहेत. निष्कर्ष असा की जवानांचा नेहमीचा जाड पोशाख आणि तोंडावरची काच या तुकड्यांना पुरून उरते. आणि सगळा ढीग एकदम उडत नाही, आग पोचेल तसं एकेक काडतूस फुटतं, फटाक्यांच्या माळेसारखं तडतडत.

म्हणजे नवरोबांना सांगा, कोठारात झोपायला लागणार नाही. पण तीन गोष्टी मात्र खरोखर धोक्याच्या आहेत.

भरून ठेवलेली बंदूक आगीत सापडली तर ती खरीच झाडली जाते, पूर्ण वेगानं, ज्या दिशेला तोंड असेल त्या दिशेला. काडतूस नळीत आहे ना! म्हणून घरात भरलेली बंदूक ठेवायची नाही, हे आगीसाठीसुद्धा.

दुसरं, सुटी दारू. तुम्ही स्वतः काडतुसं भरत नाही असं दिसतंय, पण वाचणाऱ्यांत कुणी भरत असेल तर त्यानं दारू कारखान्याच्या मूळ डब्यातच ठेवावी. तो डबा मुद्दाम नाजूक बनवलेला असतो, दाब आला की लगेच उसवतो. तीच दारू जाड लोखंडी, घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवली की तुम्ही बॉम्ब बनवलात.

तिसरं, सुट्या टोप्या. त्या खोबणीच्या पाकिटात एकमेकींपासून लांब बसवलेल्या असतात ते उगाच नाही. बरणीत ओतल्या तर एक फुटली की सगळ्या एकदम.

आणि आग लागलीच तर आपण आत जायचं नाही, अग्निशमनवाल्यांना दारातच सांगायचं की अमुक खोलीत काडतुसं आहेत, इतकी आहेत. ती वही इथेही कामाला येते.

सावध_राहा

सगळं ठीक, पण बंदूक स्पर्धेसाठी नसेल तर? माझ्याकडे पिस्तूल आहे ते रात्रीच्या वेळेसाठी. चोर आल्यावर मी आधी एक कपाट उघडू, मग दुसरं उघडू, मग वहीत नोंद करू? मी पन्नास ठेवतो, त्यातली भरलेली मॅगझीन उशाच्या खणात. एवढ्याशा साठ्याला कसली कोठी नि कसलं काय.

कोठावळा

सावधराव, वहीत नोंद सकाळी केली तरी चालेल.

चेष्टा बाजूला ठेवतो. तुम्ही पन्नास आहेत म्हणून निर्धास्त आहात, ताई पाच हजार म्हणून धास्तावल्या आहेत. मला दोघांचंही उलटं वाटतं. ताईंची पाच हजार कुलपात बंद असतील, तुमच्या खणात असलेल्यांपैकी एकाच काडतुसाला घरातलं कुणीही, कधीही हात घालू शकतं.

२००५ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. ज्या घरांतल्या मुलांनी किंवा किशोरांनी घरच्या बंदुकीनं स्वतःला इजा करून घेतली, किंवा ज्यांच्या हातून अपघातानं गोळी सुटली, अशी घरं आणि बंदूक असूनही तसं काही न घडलेली घरं यांची त्यांनी तुलना केली. चार सवयी तपासल्या: बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं कुलपात, काडतुसं बंदुकीपासून वेगळी. चारांतली प्रत्येक सवय धोका कमी असण्याशी जोडलेली निघाली. चारांपैकी दोन काडतुसांबद्दल आहेत, हे बघा. आणि त्यात किशोर आहेत, नुसती लहान मुलं नाहीत. घरातल्या मोठ्या माणसाचा एखादा वाईट महिनाही असू शकतो, त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

तुमची गरज मी नाकारत नाही. बोटाच्या ठशावर किंवा चार बटणांवर उघडणाऱ्या लहान तिजोऱ्या असतात, पलंगाच्या चौकटीला स्क्रूनं आवळता येतात, अंधारात दोनतीन सेकंदांत उघडतात. उशाचा खण ही काही त्याहून फार जलद जागा नाही, फक्त ती सगळ्यांसाठी सारखीच जलद आहे.

सावध_राहा

विचार करतो. घरात मुलं नाहीत, पण भाचे येतात सुट्टीला, हे खरं.

अटकेपार

मी दक्षिण आफ्रिकेत असतो, म्हणून आकड्यांचं थोडं. इथे २००० च्या शस्त्र कायद्यानं एका परवानाप्राप्त शस्त्रामागे २०० काडतुसं ही साधी मर्यादा आहे. नोंदणीकृत शिकारी किंवा क्रीडा नेमबाज म्हणून दर्जा मिळाला की ती सैल होते. त्यामुळे "किती ठेवता?" हा प्रश्न इथे क्लबात कुणी चहा घेतानाही विचारत नाही, उत्तर सगळ्यांना पाठ आहे.

जपानात घरी ८०० काडतुसांपर्यंत ठेवता येतात, बंदुकीचं कपाट वेगळं आणि काडतुसांचं वेगळं, शिवाय किती आणली, किती उडवली याची वही ठेवावी लागते. कोठावळेकाकांना तिथे जावयासारखं वागवतील! स्वित्झर्लंडात तर सैनिकांच्या घरी सरकारच पन्नास गोळ्यांचा सीलबंद डबा देऊन ठेवायचं, युद्ध झालं तर ठाण्यावर पोचेपर्यंत हाताशी असाव्यात म्हणून. २००७ मध्ये त्यांनी ते बंद केलं आणि डबे परत गोळा केले. बंदूक घरी राहिली, गोळ्या गेल्या. भारतात परवान्यावरच दोन आकडे असतात, एका वेळी किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, लोक दुसरा वाचतात नि पहिला विसरतात.

आणि अमेरिकेत केंद्रीय कायद्यानं घरच्या साठ्याला वरची हद्दच नाही. माझा मावसभाऊ तिथे आहे. २०१३ मध्ये तिथल्या दुकानांतून .२२ च नाहीशी झाली. बंदुकांवर नवे निर्बंध येतील या भीतीनं लोकांनी मिळेल ते उचललं, फळ्या रिकाम्या दिसल्या म्हणून आणखी लोकांनी उचललं. पोरांना शिकवायची सगळ्यात स्वस्त गोळी, ती सोन्यासारखी जपून वापरायला लागले. २०२० मध्ये साथीच्या वेळी पुन्हा तेच. तेव्हापासून भाऊ साठवतो. त्याच्या तळघरात इतका माल आहे की वर्षाचा हिशेब त्याला लावला तर बहुतेक त्याच्या नातवापर्यंत पुरेल. मी म्हटलं, टंचाई तुमच्यासारख्यांमुळेच होते रे. तो म्हणाला, म्हणूनच तर साठवतो. आता यावर काय बोलणार?

रसायनवाला

कोठावळेकाकांनी ओल आणि उष्णता सांगितली, मी त्यात एक नाव घालतो: अमोनिया.

पितळी काडतुसांच्या इतिहासात ही भानगड थेट आपल्याकडची आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजांच्या लक्षात आलं की भारतात पावसाळाभर ठेवलेल्या काडतुसांच्या माना, म्हणजे गोळी धरणारं कवचाचं तोंड, आपोआप तडकताहेत. कुणी हात लावलेला नाही, आपटलेली नाहीत, तरी चिरा. साठा ठेवला होता तबेल्यांत, कारण मोहिमा कोरड्या दिवसांत चालायच्या आणि पावसाळ्यात तबेल्याची जागा मोकळी वाटायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि पितळ ओढून कवच बनवताना आत राहिलेला ताण, या तिघांनी मिळून ते केलं. याचा नीट उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. उपाय म्हणजे शेवटी मानेला बेतानं तापवून ताण काढणे. लष्करी रायफलच्या काडतुसांच्या मानेवर अजूनही जी निळसर-तपकिरी झाक दिसते ती त्या तापवण्याचीच.

आता घरात तबेला नसतो, पण फरशी नि काच पुसायची द्रावणं असतात, पितळ चकचकीत करायची पॉलिशं असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांत अमोनिया असतो. तेव्हा काडतुसांचं कपाट आणि सफाईचं कपाट एक नको. काडतुसं पॉलिश करायचीही नाहीत.

दारूचंही थोडक्यात. बिनधुराची दारू म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोज, ती पहिल्या दिवसापासून अगदी हळूहळू विघटित होतच असते. त्यातून निघणारे आम्लवायू टिपून घ्यायला तिच्यात डायफेनिलअमाइन वगैरे स्थिरक घातलेला असतो. तो आहे तोवर सगळं शांत. उष्णतेनं तो भराभर संपतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की विघटनाचा वेग ढोबळमानानं दुप्पट धरा, मग गाडीच्या डिकीतलं गणित कळेल. सुट्या दारूचा डबा उघडल्यावर नाकाला झोंबणारा आंबूस वास आला किंवा तांबूस धूर दिसला तर ती दारू गेली. ती घरात ठेवायची नाही, लगेच जाणत्याला सांगायचं.

नवखी_नेमबाज

सफाईची द्रावणं त्याच कपाटाच्या खालच्या खणात होती! हलवली.

काका, डब्याचं सांगाल का? आज सगळं कागदावर पसरून नीट बघितलं, दूरच ठेवलंय बंदुकीपासून. बहुतेकांच्या बुडावर १२ कोरलंय. पण दोन किंचित बारीक आहेत, त्यांवर २० आहे. सासऱ्यांकडे वीस बोअर कधीच नव्हती असं सासूबाई म्हणतात.

कोठावळा

ताई, ती दोन आधी वेगळी काढा. चिठ्ठी लावून दुसऱ्या डबीत. बाकीचं नंतर.

ती कशी आली असतील ते सांगतो. कुणी मित्र शिकारीला सोबत आला, त्याची उरलेली यांच्या पट्ट्यात गेली, संपलं. आणि नेमकं हेच काडतूस बारा बोअरवाल्याच्या घरात नसलं पाहिजे. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घातलं की ते घरात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत, बसत नाही, पुढे घसरतं आणि नळी जिथे अरुंद होते तिथे अडकतं. मागून बघितलं तर बंदूक रिकामी. माणसाला वाटतं, अरे, घालायचं राहिलं. तो मागे बाराचं घालतो, ते झकास बसतं, आणि चाप ओढतो. नळी फुटते ती जिथे डावा हात धरलेला असतो त्याच्या आसपास. म्हणूनच हल्ली वीस बोअरच्या काडतुसाची नळी पिवळी करतात, लांबून ओळखू यावी म्हणून. जुन्या कागदी काडतुसांत मात्र रंगावर भरवसा ठेवायचा नाही, बुडावरचा आकडा वाचायचा. तुम्ही तो वाचलात, बरं झालं.

बाकीच्यांचं. कागदी नळी ओल पिते आणि फुगते. फुगलेलं काडतूस एक तर बसणार नाही, किंवा जोर करून बसवाल आणि उडाल्यावर निघणार नाही. हिरवा थर हा चामड्याचा प्रताप. चामडं कमावताना वापरलेली आम्लं पितळेला खातात आणि कळंक धरतो. तो पुसून काडतूस बरं होत नाही, आतून पितळ किती खाल्लं गेलंय ते दिसत नाही. पट्टा आठवण म्हणून ठेवा, रिकामा. अशा जुन्या काडतुसाचं आणखी एक लक्षण म्हणजे चाप ओढल्यावर काहीच होत नाही आणि क्षणभरानं बार उडतो. म्हणून रेंजवरही कधी गोळी उडाली नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं, लगेच उघडून बघायचं नाही. तुमच्या .२२ लाही हाच नियम.

कचऱ्यात टाकायची नाहीत, पुरायची नाहीत, विहिरीत तर नाहीच. जिथून परवाना झाला त्या ठाण्याला फोन करा, सांगा की वारशात जुनी काडतुसं आली आहेत, इतकी बाराची, दोन वीसची, जमा करायची आहेत. डबा काखेत मारून न सांगता ठाण्यात शिरू नका, समोरच्याची धांदल उडते. ते सांगतील तसं, सांगतील तेव्हा न्या आणि पोच घ्या. ती पोच वहीत चिकटवा.

आणि नवी बारा बोअरची पेटी घ्यायच्या आधी ती बंदूक एखाद्या आर्मररला, म्हणजे बंदुका तपासून दुरुस्त करणाऱ्याला, दाखवा. जुन्या बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरचं असू शकतं, हल्लीची बरीच काडतुसं ७० ची असतात. गंमत म्हणजे लांब काडतूस आखूड घरात बसतं, कारण न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. उडाल्यावर ते उलगडायला जागा नसते आणि दाब चढतो. नळीवर मापाचे नि चाचणीचे ठसे असतात, तो वाचून सांगेल. तोवर २५ चं एक पाकीटसुद्धा आणू नका.

नवखी_नेमबाज

फोन केला. पुढच्या आठवड्यात बोलावलंय, यादी लिहून आणा म्हणाले. यादी नवऱ्यानं आधीच करून ठेवली आहे, दोन प्रतींत.

.२२ चे तीन लॉट मागवलेत, एकेक पाकीट. कुठला चालतो ते इथेच टाकते.